नऊ अडतीसची गाडी

कृष्णातराव चौगल्यांच्या हातून तेवीस वर्षांत एकही नग चुकीच्या गाडीत चढला नव्हता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते डिस्पॅच बघत. पुण्याचा माल पुण्याला, होसूरचा होसूरला, आणि ट्रक गेटबाहेर पडायची वेळ साडेचार म्हणजे साडेचार. ड्रायव्हर लोक त्यांना पाठीमागं 'घड्याळ' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यामुळं पोरीची दहावीची परीक्षा संपली की सगळ्या घरानं जपान बघायला जायचं ठरलं, तेव्हा टूरवाल्याकडं जायचा प्रश्नच आला नाही.

"टूरवाला काय करणार?" ते बायकोला, म्हणजे अनुजाला म्हणाले. "चार माणसं, सात बॅगा, नऊ दिवस. ह्यापेक्षा मोठा माल मी रोज दुपारच्या च्याच्या आत काढतो."

जपानच का, असं विचारणाऱ्याला त्यांचं उत्तर तयार असे : "तिथं गाडी टायमावर सुटती." लोक तिथं फुलं बघायला जातात, डोंगर बघायला जातात. कृष्णातराव वेळापत्रक बघायला निघाले होते.

व्हिसाच्या अर्जाला रोज कुठं असणार याचा तक्ता जोडावा लागतो. बाकीचे लोक एका पानात उरकतात. कृष्णातरावांचा तक्ता अकरा पानांचा झाला. त्यात 'सकाळी ९.३८ नागोया, थांबा दोन मिनिटे' असल्या नोंदी होत्या. राजारामपुरीतला एजंट तो चाळून म्हणाला, "साहेब, तुम्ही फिराय चाललाय का धाड टाकाय?"

अडचण आली ती फोटोची. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत, असं एजंटचं म्हणणं. आणि आक्का, म्हणजे कृष्णातरावांच्या बाहत्तर वर्षांच्या आई, डोक्यावरचा पदर काढायला तयार होईनात. "माझ्या कानाचं काय करायचं हाय त्या लोकास्नी?" त्या म्हणाल्या. "मी बहिरी हाय का बघत्यात व्हय?" तीनदा फोटो नापास झाला. चौथ्यांदा पदर कानामागं घेऊन काढला. त्यात आक्का अशा दिसत होत्या, की व्हिसा नाकारला तर ही बाई स्वतः वकिलातीत येऊन जाब विचारेल. व्हिसा मिळाला.

मग गल्ली सल्ले द्यायला आली. समोरच्या चिमणाबाईंनी भूकंप झाला तर आधी गॅस बंद करायला सांगितलं. हॉटेलात गॅस नसतो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तरीबी. सवय असूदे." पण सगळ्यांत वजनदार सल्ला आकारामबापूंचा. बापू एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं स्टँडवरच्या माईकवर बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी घरात मीठ मागितलं तरी शेजारचे लोक बॅगा उचलून उभे राहतील. रोज सकाळी ते दूधकट्ट्यावर असत. गल्लीच्या तोंडाशी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, तो कट्टा. दहा-पंधरा माणसं हातात पेले घेऊन उभी असतात आणि दूध संपलं तरी हलत नाहीत.

"टायम कागदावर असतोय, कृष्णात," बापू सगळ्यांच्या देखत म्हणाले. "कागदावर माझ्याबी गाड्या टायमात हुत्या. गाडी सुटती कवा? कंडाक्टरचा च्या संपला की. मग त्यो कंडाक्टर जपानचा असू दे, न्हाय तर जोतिबाच्या गाडीचा."

कट्टा हसला. कृष्णातरावांना ते लागलं. त्यांच्या देवाचीच कुणीतरी टिंगल केल्यासारखं झालं.

"तिथनं फोन लावून दावतो बापू," ते म्हणाले. "स्टेशनातलं घड्याळ आन् गाडी, दोन्ही एकदम."

टोकियोतले चार दिवस तक्त्याबरहुकूम पार पडले. गाड्या वेळेवर येत होत्या, वेळेवर जात होत्या आणि प्रत्येक वेळी कृष्णातराव मनगटाकडं बघून नव्या बापासारखे हसत होते. सगळ्यांचे पासपोर्ट, सगळ्यांची तिकिटं, पैसे, कार्डं त्यांनी पोटावर बांधलेल्या पट्ट्याच्या पाकिटात ठेवली होती; वरून शर्ट. आता जपानी माणूस सभ्य, तो बोलत नाही. पण लोकलमध्ये दोनदा बायकांनी त्यांच्या पोटाकडं बघून, उठून त्यांना बसायला जागा दिली.

"पप्पा, आमची तिकिटं तरी आमच्याकडं द्या की," राजनंदिनी म्हणाली.

"हरवशील."

"आन् तुम्ही हरवला तर?"

कृष्णातरावांनी शर्ट खाली ओढून पाकीट झाकलं. तिथल्या सिमचं कार्डसुद्धा एकच, त्यांच्याच मोबाइलात. सूत्रं एका हातात असली की घोळ होत नाही, हे त्यांचं तेवीस वर्षांचं मत होतं.

राहिली फुलं. एका तळ्याकाठी चेरीची झाडं अशी फुलली होती, की अनुजा चालता चालता थांबलीच. फांद्या पाण्यावर वाकलेल्या, खाली पाकळ्यांचा थर, लोक चटया टाकून आरामात बसलेले. तक्त्यात फुलांना पंचवीस मिनिटं होती.

"अहो, जरा टेकू द्या की."

"टेकायचं ते गाडीत. फोटो काढा. झाला? चला."

त्या चार दिवसांतल्या प्रत्येक फोटोत तिघी एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. कोर्टाच्या कामाला आलेल्या साक्षीदारांसारख्या.

पाचव्या दिवशी सकाळी आठच्या बुलेट ट्रेननं चौघं क्योटोला निघाले. क्योटोत पाच तास, पाच ठिकाणं, मग दुपारी तीन दहाच्या गाडीनं हिरोशिमा. वाटेत उजव्या बाजूला फुजीचा डोंगर दिसणार म्हणून कृष्णातरावांनी आक्कांना खिडकीशी बसवलं होतं. बरोबर त्या मिनिटाला त्यांनी बोट दाखवलं. सगळं आभाळ भरलेलं.

"कुठं हाय डोंगर?" आक्का म्हणाल्या.

"ढगात हाय."

"मग ढग बघाय आलोय म्हण की. ढग आपल्या शाहूवाडीकडंबी हैत."

डब्यात मुंगी चालली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. आक्कांचं वाक्य पुढच्या चार रांगांनी ऐकलं, आणि कृष्णातरावांनी चारही रांगांना मान लववून माफी मागितली. ही मान लववायची कला त्यांना एव्हाना चांगली जमायला लागली होती.

नऊ वाजून सदतीस मिनिटांनी गाडी हळू झाली. नागोया. कृष्णातराव मोबाइल घेऊन दाराशी गेले. कोल्हापुरात आता सहा वाजून सात मिनिटं झाली असणार, म्हणजे कट्टा भरलेला. त्यांनी बापूंना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी म्हशीची पाठ आली, मग बापूंचं कपाळ, मग बापूंच्या खांद्यावरून डोकावणारी सात-आठ तोंडं.

"बोल कृष्णाऽऽत!" बापू माईकच्या आवाजात म्हणाले. दाराजवळचा एक जपानी गृहस्थ दचकून भिंतीला टेकला.

गाडी थांबली. दार उघडलं. आतून घड्याळ नीट दिसेना, म्हणून कृष्णातराव फलाटावर उतरले. चार पावलं पुढं गेले, तेव्हा कुठं घड्याळ आणि गाडीचं नाक एका चौकटीत बसलं.

"बघा बापू! काय वाजलं? नऊ अडतीस! कागदावर किती? नऊ अडतीस! अडतीस म्हंजे अडतीस! आता बोला!"

"आली आसंल टायमात," बापू म्हणाले. "सुटती कवा ती?"

"नऊ चाळीसला! सेकंद इकडं तिकडं होत न्हाय! आवो बापू, इथं गाडी तीस सेकंद उशिरा आली तर अधिकारी..."

कृष्णातरावांची गाडीकडं पाठ होती. बापूंचं तोंड तिच्याकडं होतं. आणि म्हणून ती गोष्ट, म्हणायची तर सहा-साडेसहा हजार किलोमीटरवरून, कोल्हापुरातल्या माणसाला आधी दिसली.

"कृष्णात," बापू म्हणाले, "आरं तुझी गाडी हालली की."

कृष्णातराव वळले. दारं मिटलेली. खिडकीच्या काचेला राजनंदिनीचे दोन्ही तळवे चिकटलेले, तिच्यामागं अनुजाचं उघडं तोंड, आणि आक्का, ज्यांना वाटत होतं की लेक त्यांना निरोप देतोय, हात हलवत होत्या. ते धावले. "आरं थांब! ए! थांब की!"

"हात दाव, हात!" मोबाइलमधून बापू ओरडत होते. "डायवरला हात दाव! थांबवतोय त्यो!"

कृष्णातरावांनी हात दाखवला. गाडी गेली. नऊ चाळीसला, सेकंद इकडं तिकडं न होता.

मग मोबाइलमधून म्हैस हंबरली आणि पाठोपाठ कट्ट्यावर हशा फुटला.

पांढरे हातमोजे घातलेला स्टेशनचा एक तरुण कर्मचारी धावत आला. त्यानं जपानीत काहीतरी विचारलं. कृष्णातरावांनी गेलेल्या गाडीकडं बोट दाखवलं. पोटाला बांधलेल्या पाकिटावर हात गेला आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली : तिघींची तिकिटं इथं आहेत. पासपोर्ट इथं आहेत. परक्या देशात आपली आई आता विनातिकीट प्रवास करते आहे.

"मास्तरला फोन दे!" बापूंनी फर्मावलं. "मी बोलतो!"

आणि कृष्णातरावांनी, तेवीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं, फोन दिला.

"नमस्कार! मी आकाराम सुतार, निवृत्त वाहतूक नियंत्रक, कोल्हापूर!" बापू कडाडले. "आमचा पावणा तुमच्याकडं सुटलाय! म्होरच्या स्टँडला निरोप द्या!"

तो कर्मचारी मोबाइलला कमरेत वाकला. बापूही तिकडं वाकले. मग त्यानं अत्यंत नम्रपणे फोन परत केला, समोरच्या रुळाकडं बोट दाखवलं, घड्याळातली काही मिनिटं दाखवली आणि दोन्ही हात जमिनीकडं दाबून सांगितलं : इथंच उभे राहा. दुसरी येते.

उभे राहिले असते तर कथा इथं संपली असती. पण तो मुलगा दुसऱ्या प्रवाशाकडं वळला आणि बापू म्हणाले, "बारक्या माणसाचं ऐकू नगं. खाली जा, चौकशीची खिडकी गाठ." कृष्णातराव जिना उतरले. खाली खिडकी सापडली, तिच्यापुढं ही लांबलचक रांग. मन धीर धरेना. ते मागं फिरले आणि दिसला तो जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढले. वर तसाच फलाट, तशीच पांढरी, लांब नाकाची गाडी, दारं उघडी. ते आत शिरले. या वेळी दारं त्यांच्या पाठीमागं मिटली आणि त्यांना केवढं हायसं वाटलं.

दारावरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं सरकायला लागली. पुढचं स्टेशन : शिन-योकोहामा. हे नाव आपण सकाळी कुठंतरी वाचलं आहे, असं त्यांना वाटलं. कुठं, ते आठवायचं त्यांनी टाळलं.

मोबाइल थांबायला तयार नव्हता. बापू. मग चिमणाबाई. मग एक अनोळखी नंबर, तो बापूंच्या साडूचा निघाला. साखळी ओढ. डायवरला शंभराची नोट दे. गाडीत कोण आपल्या भागातला भेटतोय का बघ. कृष्णातराव दोन डब्यांमधल्या जागेत, तोंडावर हात धरून, कुजबुजत उत्तरं देत होते. कोल्हापुरात जन्मल्यापासून ते कधी कुजबुजले नव्हते. घशाला ते झेपेना आणि आवाज शिट्टीसारखा यायला लागला. शेवटी त्यांनी बापूंचा नंबर गप्प केला.

तेवढ्यात कंडक्टर आला. गोरापान, पन्नाशीचा, टोपी, हातमोजे. कृष्णातरावांच्या मोबाइलात राजनंदिनीनं भाषांतराचं ॲप घालून दिलं होतं. बोलायचं, की ते जपानीत बोलून दाखवतं. कृष्णातराव घाईत होते, मनातून हललेले होते, आणि अशा वेळी माणूस पुस्तकी भाषेत बोलत नाही.

"माझी माणसं म्होरं गेली," ते ॲपला म्हणाले. "आई, बायको, पोरगी. तिघीबी एकदम गेल्या. मी एकटा मागं राह्यलो."

ॲप जपानीत बोललं. कंडक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि इतका खोल वाकला, की कृष्णातरावांना त्याचं टक्कल दिसलं. मग तो हळू आवाजात बोलला. पडद्यावर मराठी अक्षरं उमटली : 'आपल्या तिन्ही प्रियजनांच्या निधनाबद्दल आम्हाला अतीव दुःख होत आहे.'

कृष्णातरावांनी ते दोनदा वाचलं. रेल्वेचा माणूस. टोपी काढून. स्वतःच्या तोंडानं सांगतोय. त्यांनी भिंतीचा दांडा धरला. डोळ्यांपुढं काचेला चिकटलेले ते दोन तळवे आले, आणि निरोपाला हलणारा आक्कांचा हात. त्या क्षणी त्यांना वेळापत्रक आठवलं नाही, तक्ता आठवला नाही. आठवलं ते एवढंच, की अनुजा 'जरा टेकू द्या' म्हणाली होती आणि आपण तिला टेकू दिलं नाही.

"कुठं?" त्यांनी कसंबसं विचारलं. "कवा झालं?"

कंडक्टरनं ऐकलं, गोंधळला, पुन्हा वाकला. पडद्यावर आलं : 'ते आम्हाला ठाऊक नाही. कृपया आपणच सांगावे.'

आणि तेवढ्यात मोबाइल थरथरला. राजनंदिनीला गाडीतलं फुकटचं वायफाय सापडलं होतं.

'पप्पा कुठाय तुम्ही??? आम्ही गाडीतच आहोत. आज्जी विचारतीय, चटणीचा डबा तुमच्याकडं आहे का?'

खाली फोटो. तिघी. रडवेल्या, पण जिवंत.

कृष्णातरावांनी तो फोटो कंडक्टरच्या नाकापुढं धरला आणि लहान मुलासारखे रडले. कंडक्टरनं फोटो पाहिला. त्यांच्याकडं पाहिलं. मग सावकाश टोपी परत डोक्यावर ठेवली.

मग तिकिटांवरून उलगडा झाला. कंडक्टरनं 'क्योटो'वर बोट ठेवलं आणि मग तेच बोट, अतिशय अदबीनं, गाडीच्या शेपटीकडं केलं. क्योटो तिकडं. गाडी निघाली होती टोकियोला, आणि सव्वा तास कुठंही थांबणार नव्हती.

कंडक्टर मोठा भला माणूस. त्यानं क्योटोच्या स्टेशनाला कळवलं, कृष्णातरावांच्या तिकिटावर मागं काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला. यानं परत जायचे पैसे पडणार नाहीत, असं ॲप म्हणालं. नेमकं काय लिहिलंय, असं कृष्णातरावांनी विचारू नये ते विचारलं. पडद्यावर आलं : 'हा प्रवासी चुकून या गाडीत चढला आहे.' सही, तारीख, वेळ. तेवीस वर्षांच्या नोकरीवर परदेशी सरकारी शिक्का.

तासाभरानं दाराच्या काचेतून त्यांना डोंगर दिसला. आभाळ केव्हाच निवळलं होतं. एवढा मोठा डोंगर, पायथ्याला निळा, वर पांढराधोप, आणि सगळा उघडा. त्याच्यासमोर कारखाने खेळण्यासारखे दिसत होते. कृष्णातरावांच्या तोंडून "आक्का, बघ" असं निघून गेलं. शेजारी एक सुटकेस होती. त्यांनी घाईनं मोबाइल वर केला, तर पडद्यावर कॉल : चिमणाबाई. तो कापेपर्यंत मध्ये एका गोदामाची भिंत आली, आणि भिंत संपली तेव्हा डोंगर मागं गेला होता.

शिन-योकोहामाला दोन माणसं त्यांच्या नावाची पाटी धरून उभी होती. कंडक्टरनं त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली आणि कृष्णातरावांना त्यांच्या ताब्यात दिलं. त्या दोघांनी दोन्ही बाजूंनी चालत त्यांना पलीकडच्या फलाटावर नेलं, गाडीत बसवलं, आणि तिथल्या कंडक्टरची सही घेतली. ही पद्धत कृष्णातरावांच्या ओळखीची होती. पोच सही घेतल्याशिवाय माल कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही, हे ते स्वतः नव्या पोरांना शिकवत. मालाला काय वाटत असेल, याचा मात्र त्यांनी कधी विचार केला नव्हता.

परतीच्या गाडीत राजनंदिनीचा दुसरा मेसेज आला; क्योटोतही फुकटचं वायफाय होतं. क्योटोच्या फलाटावर एक रेल्वेची मुलगी तिघींना न्यायला उभी होती म्हणे. तिनं तिकिटांचं सगळं निस्तरलं, बॅगा ठेवून घेतल्या, पाणी दिलं आणि आत बाकावर थांबायला सांगितलं. त्यावर आक्का म्हणाल्या, की मी सात समुद्र ओलांडून बाकड्यावर बसाय आलेली न्हाय. मग त्या मुलीनं कागदावर नकाशा काढून जवळच्याच एका देवळाचा रस्ता दाखवला. 'पाच मजली देऊळ आहे पप्पा. आरामात या.'

आरामात या! आणि फोटो. एका मोठ्या चेरीखाली निळं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर आक्का मांडी घालून बसलेल्या, त्यांच्या डाव्या-उजव्या हाताला तीन जपानी म्हाताऱ्या. त्यांतल्या एकीच्या हातात धपाटा. दुसरीच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. म्हणजे चटणीचा डबा सापडला होता. मागं झाडाला टेकलेली अनुजा हसते आहे. नुसती ओठांनी नव्हे. डोळे मिटून, मान मागं टाकून, एक हात पोटावर धरून.

कृष्णातरावांनी आधीच्या चार दिवसांचे फोटो मोबाइलात उघडले. एकशे ब्याऐंशी होते. त्यांनी सगळे बघितले, शेवटपर्यंत. मग परत तो एक बघितला. एवढं हसायला झालं तरी काय होतं? आणि झालं ते आपण नसतानाच का?

देवळाच्या फाटकातून ते आत गेले तेव्हा पावणेदोन वाजत होते. तिघी लांबूनच दिसल्या. जपानी म्हाताऱ्या गेल्या होत्या, प्लास्टिक ठेवून गेल्या होत्या. राजनंदिनी ओरडली, "पप्पा आले!" आणि धावत येऊन गळ्यात पडली. इथवर ठीक होतं. पण आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आलास? बूट काढ. जेवलास का?" जणू ते वाण्याकडून साखर घेऊन आले होते.

"मी तिकडं मराय लागलोतो," कृष्णातराव म्हणाले, "आन् तुम्ही हितं फुलं बघाय लागलायसा व्हय?"

आवाज जरा जास्तच लागला. आसपासची माणसं वळली. त्यांनी सवयीनं मान लववली आणि खाली बसले.

अनुजानं त्यांच्यापुढं धपाटा ठेवला. "रडले की मी," ती म्हणाली. "गाडी सुटली तशी दारावर हात मारून मारून रडले. हात बघा, सुजलाय. आक्काच म्हणाल्या, गप बस. त्यो जोतिबाच्या जत्रंत हरवलाता सहा वर्षाचा असताना. दिस मावळायच्या आत आपला आपला घरी आलाता."

"येताना नारळ इकून पेढं खाल्लंतं ह्यानं," आक्का म्हणाल्या.

"मग?" कृष्णातरावांनी विचारलं.

"मग काय. म्हटलं, तुम्ही येईस्तोवर फुलं तरी बघून घ्यावीत." ती चटणी वाढता वाढता थांबली. "तुम्ही आल्यावर बघाय मिळायची न्हाईत."

ती भांडायला म्हणून बोलली नव्हती. पाण्याची बाटली पुढं करावी तसं सहज बोलली.

ते जेवले. फुजीचा डोंगर दिसला म्हणाले. "कसा हाय?" असं आक्कांनी विचारलं, तर त्यांना नीट सांगता येईना. "लई मोठा हाय," ते म्हणाले. "तू असायला पायजे हुतीस." कंडक्टरनं टोपी काढली ती गोष्ट त्यांनी सांगितली आणि राजनंदिनी हसून हसून प्लास्टिकवर लोळली. आपण भिंतीचा दांडा धरून उभे राहिलो, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. अनुजा मध्येच त्यांच्याकडं बघून हसायची थांबली. बहुतेक तिला ते न सांगता कळलं असावं.

मग जेवण आवरलं. आक्का पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या. राजनंदिनी वहीत काहीतरी काढत बसली. वारा आला, की वरून पाकळ्या सुटत. घाई नसलेल्या, गिरक्या घेत, कुठं पडायचं ते खाली येता येता ठरवणाऱ्या. एक कृष्णातरावांच्या मनगटावर, घड्याळाच्या काचेवर पडली. तिच्याखाली दोन चाळीस झाले होते.

आता उठायला हवं होतं. चालत वीस मिनिटं, बॅगा घ्यायला दहा. त्यांनी तोंड उघडलं. अनुजा झाडाला पाठ लावून, चपला काढून, पाय लांब पसरून बसली होती. डोळे मिटलेले. टाचांवर टोकियोतल्या चालण्याचे फोड. केसांत पाच-सहा पाकळ्या, त्या तिनं झटकल्या नव्हत्या.

कृष्णातरावांनी तोंड मिटलं.

दोन पन्नास झाले. त्यांच्या छातीत कुणीतरी शिट्टी फुंकत होतं. तीन वाजले. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तीन दहा झाले, तेव्हा पलीकडं कुठंतरी एक पांढरी गाडी चार रिकाम्या जागा घेऊन, सेकंदही न चुकवता सुटली; ती त्यांना दिसली नाही, ऐकू आली नाही, पण सुटलेली समजली. आणि मग नवल म्हणजे ती शिट्टी थांबली. त्यांनी मान वर केली. फांद्यांमधून आभाळाचे लहान-लहान तुकडे दिसत होते. ते मोजायचं त्यांच्या मनात आलं नाही.

बऱ्याच वेळानं अनुजानं डोळे उघडले.

"अहो," ती आळसावल्या आवाजात म्हणाली, "आपली गाडी कितीची हाय?"

"तीन दहाची."

"आन् आता किती वाजलं?"

"तीन पंचवीस."

अनुजा ताडकन सरळ झाली. राजनंदिनीच्या हातातून पेन्सिल पडली. आक्का उठून बसल्या, पदर सावरला आणि लेकाकडं, ताप आहे का बघावं तसं, बघायला लागल्या.

"आरं मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो," कृष्णातराव म्हणाले, "तर तुम्ही उठला असतासा."